सीझन नसताना

जुलै. सोहारची सिमेंटची पट्टी तव्यासारखी,
स्टंप सप्टेंबरपर्यंत माझ्या खाटेखाली.

रात्रपाळी सुटली की नियमांचं पुस्तक,
ओळीखाली बोट धरून, शाळकरी पोरासारखं.
खिशात खजुराच्या सहा बिया,
गोदामात चालता चालता
एकेक डावीकडून उजवीकडे.
आरशासमोर वाइडचे हात पसरतो.
‘कुणाला आऊट देताय एवढ्या रात्री?’
फोनमधून गुहागर हसतं.

कुणाला, ते तिला सांगितलेलं नाही.
मार्चमध्ये गुलशेरला दिला. झेलबाद.
टिक् ऐकू आलं होतं खरं,
पण ते जुन्या पॅडच्या बकलाचं.
अपील अजून घशात होतं त्यांच्या,
माझं बोट वर.
तो काहीच बोलला नाही. ग्लोव्ह्ज काढत गेला.

आज मासळीबाजारात, त्याच्याच गाळ्यावर.
त्यानं सुरमई काट्यावर टाकली.
‘दीड किलो ना?’ मी.
‘रुको, उस्ताद.’
काटा डुलत होता.
दोन्ही हात मागे बांधून तो उभा,
काटा थांबला तरी उभाच,
आणखी एक श्वासभर.
मग म्हणाला, एक किलो तीनशे.

खोलीपर्यंत मीही हात मागे बांधून चाललो.
पिशवी त्याच बोटाला अडकवलेली,
जड,
पाणी ठिबकत.