पाण्याची पाळी

पोंता दो सोल, मदेरा बेट. सप्टेंबर.
खाली समुद्र, वर डोंगर,
मध्ये पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली केळी.
माझं ऑफिस म्हणजे देओलिंडाच्या ओट्याचा कोपरा,
प्लास्टिकची खुर्ची, डुगडुगणारं मेज,
आणि वायफाय,
ज्याचं बिल तिचा मुलगा जर्सीहून भरतो.
तिथल्या हॉटेलात तो बशा धुतो.
मी इथे श्वास मोजते.
दोघंही घरापासून लांब राहून काम करतो,
फोटो मात्र माझेच चांगले येतात.

योग शिकवायला वरच्या आळीत आनेमिक आहे, डच.
ती ‘सवासना’ म्हणते.
पहिल्या आठवड्यात मी तिचे उच्चार दुरुस्त केले,
दुसऱ्या आठवड्यात तिने माझी कंबर.
फिटंफाट.

देओलिंडाच्या भाषेतलं मला काही येत नाही,
तरी पोर्तुगीज कधीतरी आमच्याकडे विसरून गेलेले
चार शब्द आम्ही दोघी वापरतो:
चावी, बादली, घमेलं, पगार.
पाचवा मी इथे शिकले. आग्वा. पाणी.
ते डोंगरापलीकडून येतं, दगडी पाटातून,
प्रत्येकाच्या वावराला ठरलेल्या तासाला.
तास चुकला की पुढची पाळी पंधरा दिवसांनी.
ग्रासियानु, पाटकरी, खिशात घड्याळ घेऊन फिरतो.
आकाशापेक्षा त्याच्यावर इथे जास्त विश्वास.

त्या रात्री दोघींनाही जागायचं होतं.
माझी मीटिंग साडेचारला, सिंगापूरची,
तिचं पाणी पावणेपाचला.
वेळ होता, म्हणून तिने पाठीवर हात ठेवून
मला खुणेने विचारलं: यावर काही आहे का तुझ्याकडे?
मी चटई अंथरली.
गुडघे दुमडून घे, सोड, श्वास, सावकाश.
(हे मी मराठीतच म्हटलं. चाललं.)
शेवटी तिला उताणं निजवलं, डोळ्यांवर टॉवेल,
आणि आनेमिकच्या आवाजात म्हणाले,
आता काहीही करायचं नाही.

चाळीस वर्षांत तिला हे कुणी म्हटलं नसावं.
दोन मिनिटांत घोरायला लागली.

साडेचार. कानात ह्वी मिन,
तिमाहीचे आकडे, लाल खाने, हिरवे खाने.
पावणेपाच. पाटात आवाज.
मी तिच्याकडे पाहिलं.
उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

दारं धरणं, असं आपल्याकडे म्हणतात.
म्हणतात, एवढंच मला ठाऊक.
कुदळ घेतली, चपला तिथेच राहिल्या,
फोनच्या उजेडात पहिल्या सरीचं तोंड फोडलं
तर पाणी भलतीकडेच,
शेजाऱ्याच्या रताळ्यांत.
चिखल, दगड, पुन्हा चिखल. दुसरी सर. तिसरी.
पोटऱ्यांपर्यंत थंड,
आणि कंबर, जी मी महिनाभर विकतचं सांभाळत होते,
तिची आठवणही नाही.
“मागे कसला आवाज आहे?” ह्वी मिनने विचारलं.
“धबधबा लावून ध्यान करतेस का?”
मी माइक बंद करायला विसरले होते.
“नाही,” म्हटलं, “पाळीवर आहे.”
खोटं नव्हतं. दोन्ही अर्थांनी.

पावणेसहाला ग्रासियानुने वर फळी टाकली.
पाणी मध्येच थांबलं, वाक्य तुटावं तसं.
त्याने माझे पाय पाहिले, घड्याळ पाहिलं,
वहीत देओलिंडाचं नाव लिहिलं आणि गेला.

ती उठली तेव्हा समुद्र राखाडी झाला होता.
दचकून म्हणाली, “आग्वा?”
मी दोन्ही हात पसरून दाखवलं: दिलं.
ती अनवाणी उतरत गेली,
बोटाने माती दाबत, एकेक सर,
काही न बोलता, शेवटपर्यंत.
शेवटची सर कोरडी होती.
मी तिथवर पोचलेच नव्हते.

कमरेवर हात ठेवून
ती बराच वेळ तिथे उभी राहिली.
रागावली का, कळेना.
मग माझ्याकडे वळून
तिने एकच शब्द म्हटला,
“बादली.”

मी धावले.