दारात नेऊन बघ

तीस दिवस फुकट वापरायचे, त्यातले सव्वीस संपले.
तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतलीत, फाइल मात्र एकच:
शरयूबेन खानविलकर, वय एकाहत्तर, दांडिया बाजार,
पिको-फॉलच्या मशीनमागे, संध्याकाळी सहा,
डावीकडे खिडकी, उजवीकडे ट्यूबलाइट,
मांडीवर कुणाची तरी बारा मीटर घेराची चणिया
आणि मागे भिंतभर रिळं.
दुकानाच्या नव्या पाटीवर जायचाय हा फोटो.

पहिल्यात चणिया वांग्याच्या रंगाची.
दुसऱ्यात तीच डाळिंबी.
तिसरं कायमचंच फुकट; त्यात इतक्या पट्ट्या, इतके आलेख
की दोन रात्री मी नुसत्या खिडक्या मिटत बसले,
आणि शरयूबेनच्या कपाळावर हिरवट झाक आली
ती गेलीच नाही.

शेवटी त्यांनाच बोलावलं.
आल्या त्या पिशवीतून रीळ घेऊनच.
पडद्याला टेकवलं. "हा तेवीस नंबर नाही."
मी दुसरं उघडलं. "हाही नाही. हा एकवीस.
एकवीस मी ठेवतच नाही, पहिल्या धुण्यात अस्तर रंगवतो."

म्हटलं, थांबा, याला आधी पांढरं काय ते दाखवावं लागतं,
मग बाकीचे रंग आपोआप रांगेत येतात.
आणि खुंटीवरच्या सदऱ्यावर टिचकी मारली.
अख्खं दुकान हळदीत पडलं.

"यांचा सदरा," त्या म्हणाल्या. "नीळ घालते अजून,
कोणी घालत नसलं तरी. दोन थेंब जास्तच.
तो पांढरा नाही गं, नुसता स्वच्छ दिसतो."
मग चष्मा वर करून पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं:
मशीनच्या फळीवर, कात्रीशेजारी, मापाचा खडू.
"इथे मार. खडूला कोणी नीळ घालत नाही."

मारली. हिरवट झाक उतरली.
रंग आला, बावीस आणि तेवीसच्या मधला,
ज्याचं रीळ कुठलीच कंपनी काढत नाही.

मी किमती सांगितल्या. पहिल्याला दरमहा भाडं,
भाडं थांबलं की पट्ट्या गोठतात जिथल्या तिथे.
"सत्त्याऐंशी साली माझी मशीन भाड्याची होती.
तिसऱ्या माळेला उचलून नेली.
सुईखाली अर्धी चोळी होती."
यावर काय बोलणार.

आणि हे एवढं ओढाताण केलेलं, मूळ फोटो खराब नाही होत?
नाही, म्हटलं, ही कच्ची फाइल, आपण वरवर करतो सगळं,
केव्हाही परत पहिल्यासारखी.
"मग कच्चा टाका म्हण ना.
एवढा वेळ इंग्रजीत काय सांगत होतीस."

तरी समाधान होईना. म्हणाल्या, दारात नेऊन बघ,
ट्यूबलाइटखाली मॅचिंग करणारी बाई
घरी जाऊन रडते.
मी लॅपटॉप उचलला, वायर ओढत ओटल्यावर आणला.
एप्रिलचं ऊन, भर बारा वाजता.
पडद्यावर चणिया नाही, रिळं नाही, काहीच नाही,
आमचीच दोन तोंडं, वाकलेली,
मागून सरकत गेलेली एक रिक्षा,
आणि त्यांच्या मुठीत तेवीस नंबर,
अगदी तेवीस नंबर.

दुसरंच घेतलं. एकरकमी.
दोन लग्नांचे आगाऊ पैसे त्यात गेले.

पाटी लागून आता आठवडा झाला.
फ्लेक्सवाल्या जिगरभाईने तेवीस नंबर
गाजराच्या हलव्यासारखा छापलाय.
शरयूबेन रस्त्यापलीकडे जाऊन बघून आल्या,
म्हणाल्या, चालेल, लांबून येणाऱ्याला काय माहीत.
मग जरा थांबून:
"खडू मात्र बरोबर आलाय."