घरघर

मर्डो गॅलब्रेथ दुकानात येतो
तेव्हा पायपुसण्यावर एकेक बूट तीनदा घासतो
आणि खिशातून मायक्रोमीटर काढतो.
बाकीची गिऱ्हाइकं पाकीट काढतात.

चाळीस वर्षं तो क्लाइडकाठच्या गोदीत लेथपाशी उभा होता,
जहाजांच्या पंख्यांचे दांडे कातत.
केसाच्या विसाव्या हिश्शाची चूक
बोटाच्या पेराला कळते, म्हणतो.
मी अजून त्याला खोटं पाडू शकलेले नाही.
गोदीला घरघर लागली, मग ती गेलीच.
हाताला उरली मोजायची सवय.

पहिलं टर्नटेबल मीच विकलं त्याला.
बरं होतं, साधं, राखाडी.
आठव्या दिवशी दारात उभा:
"उना, घरघर आहे."
दुसरी बाजू, चेलोचा संथ भाग,
वादक गज उचलतो आणि क्षणभर काहीच नसतं,
तिथे.
त्या काहीच-नसण्याच्या खाली.

मोटर बदलली.
बेल्ट बदलला, रबरी, मग रेशमी दोऱ्याचा.
बेअरिंग माझ्याकडचं त्याने हातात फिरवून परत ठेवलं
आणि भाच्याच्या गॅरेजात स्वतः काशाचं कातून आणलं;
तबकडी एकदा ढकलली की चहा होईस्तोवर फिरायची.
घरघर होतीच.

मग जमीन. जुनी इमारत, लाकडी तुळया.
पाऊल पडलं की सुई दचकते,
म्हणून दगडी भिंतीत फळी ठोकली.
वरच्या मजल्यावरच्या उर्शुलाला,
रात्रपाळीची नर्स ती,
विनंती केली, रविवारी सात ते आठ चालू नकोस.
ती बिचारी तासभर पलंगावर पाय वर घेऊन बसली
आणि आठ वाजून एक मिनिटाने दार वाजवून विचारलं,
"गेली का?"

नाही गेली.

मग नवं यंत्र. अठ्ठावीस किलोचं.
दोघांनी जिन्यातून चढवलं, चार ठिकाणी थांबत.
मग टोनआर्म, माझ्या व्हॅनपेक्षा महाग.
मग कार्ट्रिज: नाकापेक्षा मोती जड,
बसवताना मी श्वास रोखला होता, त्यानेही.
प्रत्येक बदलाने ती घरघर कमी व्हायला हवी होती.
ती स्पष्ट होत गेली.

जानेवारीत एका संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले,
हत्यारांची पेटी न घेता.
म्हटलं, लाव.
डोळे मिटून ऐकलं. परत लाव. परत.

यंत्राची घरघर गोल असते, मर्डो,
फिरून फिरून त्याच जागी येते.
ही कुठेतरी चालली आहे.
डावीकडून आली. मधे थांबली.
ऐक, आता उजवीकडे निघाली.

मी वेष्टनाची मागची बाजू उलटली.
मुंगीएवढ्या अक्षरांत, अगदी तळाशी:
चर्चचा हॉल, डम्बार्टन रोड, नोव्हेंबर.

त्याने चष्मा लावला. काढला.
सुई मागे घेतली, स्वतःच्या हाताने,
दांडा मोजावा तशी.
"घंटा दोनदा," तो म्हणाला.
"कंडक्टरने दोनदा ओढली की गाडी सुटायची.
नऊ नंबर.
सोळाव्या वर्षी मी हिनेच गोदीत जायचो,
डबा मांडीवर,
खिडकीची काच ओठांनी पुसत."
मग बराच वेळ बोलला नाही.
चेलो संपला, सुई शेवटच्या खाचेत
टक टक करत राहिली
आणि त्याने ती उचलली नाही.
त्याने!
खाच झिजते म्हणून पोरांना ओरडणाऱ्याने.

मला वाटलं, सुटलो.
आता हा कानाला खडा लावेल,
मीही लावेन,
दोन वर्षांची खरेदी एका ट्रॅमपाशी येऊन थांबली.

मी कोट घालत होते.
"उना," तो म्हणाला,
"ती दुसरी घंटा जराशी दबल्यासारखी नाही वाटत?
पितळेची होती ती. चांगली खणखणीत.
कुठली सुई लावली तर..."

कॅटलॉग व्हॅनमध्ये होता.
मी जिना उतरले.
वर, आठ वाजून गेले असावेत,
उर्शुला चालू लागली होती.