सहाशे पन्नास

दुसरा शनिवार. बँकेला कुलूप, कुडाळ मागे राहिलं.
भोगव्याला, तारीकाकांच्या मांगरात,
काथ्याच्या चटईवर मी तीन पंख मांडते:
बाराशे, नऊशे, सहाशे पन्नास.
चौरस सेंटिमीटर. कार्बनचे, काळे,
ओल्या पाटीसारखे.

बाराशेच्या पोटावर कालवांनी ओढलेले ओरखडे.
त्यानेच मला पहिल्यांदा पाण्यावरून उचललं,
कर्लीच्या मुखाशी, तीन वर्षांपूर्वी,
वारा इतका कमी की माडाची झावळी
हलू की नको असा विचार करत होती.
गुडघे चुकले, शीड उशिरा उलटलं,
तरी तो आपला तरंगत राहायचा.
पण वारा भरला की तोच ऐकेना.
पुरे म्हटलं तरी ताटात अजून एक वडा टाकणाऱ्या
थोरल्या जावेसारखा
वर, अजून वर,
शेवटी स्वतःच पाण्याबाहेर येऊन हवा गिळायचा
आणि आम्ही सगळे, फळी, शीड, मी,
एकदम खाली.

नऊशेबद्दल तक्रार नाही.
फक्त बावीस नॉटला येऊन तो थांबतो.
पाणी त्याला धरून ठेवतं,
जत्रेत पोराचं मनगट धरावं तसं.

वाशांतून पाकोळ्या सुटतात.
बाहेर खाडीवर मोरघार घिरट्या घालते,
रुंद पंख, हालचाल नाही, तिला कुठे जायचं नाही.
पाकोळीचा पंख विळ्याच्या पात्याएवढा,
ती जमिनीवर बसत नाही;
बसली तर उठणं कठीण.

हे मला माहीत होतं. तरीही
मी सहाशे पन्नास उचलला.

"पंख ल्हान केलंस, मगे वारो मोठो व्हयो,"
तारीकाका म्हणाले, जाळ्याचं सूत दातांत धरून.

दोन स्क्रू. ग्रीस संपलं म्हणून खोबरेल.
मागच्या छोट्या पंखाखाली जुन्या सिमकार्डाचा तुकडा,
कोन अर्धा अंश हलावा म्हणून.
एक डोलकाठी फळीच्या वर,
एक फळीच्या खाली.

दोन वाजता पाण्यात. वायव्येचा वारा
अजून निवतीच्या खडकांपलीकडे बसलेला.
मी शीड ओढते, सोडते, ओढते,
फळी ओंडक्यासारखी चिकटलेली.
केळ्याच्या बोटीवरून कोल्हापूरचे कोणी ओरडले,
"ताई, बुडताय काय?"
अजून नाही, म्हटलं.

साडेतीनला पाणी काळपट झालं,
कातडीवर काटा यावा तसं,
आणि तो आला.
मी फळी वाऱ्यापासून थोडी वळवली, वेग घेतला,
अजून थोडा, बाराशेला लागला असता त्याच्या दुप्पट,
आणि आवाज गेला.
फळीखाली आपटणारं पाणी गेलं.
उरली खालच्या डोलकाठीची गुणगुण,
तांब्याच्या ओल्या काठावरून बोट फिरवल्यासारखी.
आता पायाचा अंगठा दाबला तरी त्याला कळतं.
नको तेही कळतं. मन देवबागच्या दिशेने गेलं
की नाक देवबागकडे.

चोवीस. पंचवीस.
वळताना पडले. परत उठवायला दहा मिनिटं.
वळताना पडले.
सव्वीस. पुढचं आकडा म्हणून आठवत नाही,
डोळ्यांत पाणी होतं, आणि पायाखालून
एक कासव मागे गेलं, की तसं वाटलं.

साडेपाचला वारा उतरला, कोणालाही न सांगता.
नऊशे असता तर मी रांगत का होईना, किनारा गाठला असता.
सहाशे पन्नास बसला, तो बसलाच.
शीड पाण्यावर आडवं, मी फळीवर पालथी,
किनारा लांबलेला.
तारीकाकांची होडी आली तेव्हा उजेड गुळासारखा झाला होता.
त्यांनी दोर टाकला. टोपलीत डोकावून पाहिलं,
अकरा बांगडे, एक खेकडा.
मग माझ्याकडे.

"किती गावले गे?"
"सत्तावीस," मी घड्याळ दाखवत म्हटलं.
ते बराच वेळ दोर गुंडाळत राहिले.
"मगे खंय आसत?"