तीन आठवडे आधी

बेअरिंग जायच्या तीन आठवडे आधी बोलायला लागतं.
आधी नुसती कुजबुज, मग झोपेत दात खाल्ल्यासारखं काहीतरी,
मग आलेखावर एक बारीक सुळका.
तो मला दिसतो.
सव्वीस वर्षं हेच माझं काम,
कालामाच्या वरच्या अंगाला, जिथे पाऊस ही ऐकीव गोष्ट आहे,
चार नंबरच्या पट्ट्याच्या पोटाशी कान लावायचा
आणि सांगायचं, हे आजारी आहे, आत्ताच उतरवा.
माझ्या शब्दावर अख्खा पट्टा थांबतो.

मिल्लाराय गेली तेव्हा मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

ती आली माझ्या पोस्टरमुळे.
तेमुकोत तिच्या शाळेच्या भिंतीवर मी होते म्हणे,
हात कमरेवर, डोक्यावर कोरं हेल्मेट.
माझं जुनं फोटोवाल्यानं काढायला लावलं होतं,
त्याला ग्रीस होतं
आणि आत पेनानं लिहिलेलं माझ्या मुलाचं नाव.
खाली ठळक अक्षरांत: तुझी जागा इथे आहे.

जागा होती, खोटं कशाला बोलू.
संडास सहाशे पावलांवर, किल्ली दॉन एउलोखियोच्या खिशात,
आणि दॉन एउलोखियो कुठे, ते देवालाच ठाऊक.
ती पाणी प्यायची बंद झाली.
समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर वर,
बाराबारा तासांच्या शिफ्टमध्ये.
हातमोजे होते, दहा नंबरचे,
तिच्या बोटांपुढे इंच इंच रिकामी बोटं.
नट उचलायला ती मोजा काढायची
आणि वहीत शेरा पडायचा:
सुरक्षेचे नियम पाळत नाही.

एका बैठकीत ती म्हणाली, गिअरबॉक्सचं तेल तापतंय.
कुणी मान वर केली नाही.
दहा मिनिटांनी तेच फाब्रिसियो म्हणाला.
शाबास, म्हणाले सगळे.
मीही मान डोलावली.
मी.

मग एकदा जेवताना तिनं विचारलं,
यास्ना, तुम्ही कशा टिकलात?
मी हसले. म्हटलं, अगं, आमच्या वेळी
बाई आत आली की तांब्याची शीर रुसून लपते म्हणायचे,
दोन वर्षं फाटकावर रजिस्टर लिहिलंय मी.
तुमचं बरंय.

तुमचं बरंय.
तिनं चमचा बशीत ठेवला. हळूच.
तोच होता का तो सुळका?

सात दिवस वर, सात दिवस खाली.
खाली उतरलेल्या एका बसमधून
ती परत वर आलीच नाही.
फॉर्मवर कारण लिहिलं, वैयक्तिक.
मी कपाटातले जुने फॉर्म काढले.
अकरा जणी. अकरांचंही कारण वैयक्तिक.
एकाच जागी अकरा बेअरिंग गेली
तर आमच्यात बेअरिंगला कुणी बोल लावत नाही.
शाफ्ट तपासतात. पाया कुठे कलला ते बघतात.
साहेब म्हणतात, मुली टिकत नाहीत.
टिकणं ऑलिव्हच्या लोणच्याला शोभतं, साहेब,
आणि त्याचीही बरणी कुणीतरी बघावी लागते.

यंदा फोटोवाला पुन्हा आलाय.
मी म्हटलं, आधी सात नंबरचे हातमोजे, चाळीस जोड,
आधी ती किल्ली उघड्या खिळ्यावर,
मग हसते.
किल्ली लागली खिळ्यावर.
हातमोजे आले ते नऊ नंबरचे.
परत पाठवलेत. फोटोवाला बाहेर सावली शोधतोय.

आत नवी मुलगी आहे, आयलेन,
पट्ट्याच्या खडखडाटाखाली काहीतरी सांगतेय,
इतक्या बारीक आवाजात
की तिचं तिलाही ऐकू जात नसावं.
मी पट्टा थांबवायला सांगितलाय.
बिघाड काही नाही.
आयलेन, पुन्हा बोल.