पिशवीतला शब्द

सोमवारी मी ‘मस्त’ला सुट्टी दिली.
फळ्याच्या कोपऱ्यात त्याचा रजेचा अर्ज लिहिला:
आठ दिवस. कारण, दमणूक.
पोहे मस्त, मामाची गाडी मस्त,
आणि शनिवारी घसरगुंडीवर फुटलेला गुडघासुद्धा,
‘बाई, मस्त रक्त आलं!’

इंदूरच्या रामबागेतली ही आमची बालवाडी.
एकवीस पोरं, दोन पंखे, त्यातला एक चालू.
कुणाच्या घरी अर्धं मराठी, कुणाकडे पाव,
कुणाकडे फक्त आरतीपुरतं.
‘बाई, तो मला चिमटे काढून राहिला.’
मी दुरुस्त करत नाही.
आधी वाक्य घरात येऊ दे,
चपला नंतर काढायला लावीन.

मंगळवारी जुन्या परकराची पिशवी शिवली.
आत हात घालायचा, बघायचं नाही,
बोटांना विचारायचं, कसं आहे?
सीताफळ खडबडीत निघालं,
साबणाची वडी बुळबुळीत,
रांगोळी भरभरीत.
‘भुसभुशीत’ म्हणताना ईशानीच्या
पडलेल्या दातांतून नुसती हवा सुटत होती,
तरी तिनं तो तीनदा म्हटला,
चहात बुडवून खाल्ल्यासारखा.

दक्ष पाटीदार हात घालून गप्प.
याचे वडील रात्री सराफ्यात
भुट्ट्याच्या किसाची गाडी लावतात.
हा दुपारभर कणसं सोलतो,
सकाळी माझ्या वर्गात पेंगतो.
जूनपासून त्यानं मला एकच शब्द दिला होता,
‘हजर.’

त्याच्यासाठी मुद्दाम ठेवली होती
कणसाची शेंडी.
पिशवीत बोटं चालत राहिली.
बाहेर गलका, ‘मऊ बोल! मऊ बोल ना, भिया!’
त्यानं मान हलवली. मऊ नाही.
मग अगदी हळू,
गिऱ्हाईक नसलेल्या वेळी
भाव सांगून बघावा तसं म्हणाला,
‘केसकेशीत.’

कुणी हसलं नाही. एक-दोघांनी
आपल्याच डोक्याला हात लावून पाहिला.
भुसभुशीतमध्ये दुसऱ्या स चा श होतो
हे मी कधी शिकवलंच नव्हतं.
यानं ते ऐकत ऐकत, पेंगत पेंगत
खिशात घातलं होतं.

संध्याकाळी शब्दकोश उघडला. नव्हता.
पेन्सिलनं समासात लिहून टाकला,
‘केस’ आणि ‘केसर’ यांच्या मधे.
समितीचे कारखानीस बघतील तेव्हा बघतील.

शुक्रवारी माझी दाढ.
फळ्याशी गाल धरून उभी होते.
‘बाई, काय झालं?’
‘काही नाही रे, दुखतंय.’
एकवीस चेहरे नाराज.

‘दुखतंय म्हणजे कसं?’
ईशानीनं हुबेहूब माझा आवाज काढला.
‘ठणकतं? सलतं? की टोचतं?’
मागच्या ओळीतून दक्ष,
‘बघायचं नाही बाई. विचारायचं.’

मी डोळे मिटले,
जीभ हळूच दाढेपाशी नेली.
वर्ग वाट बघत होता.
‘थांबा रे,’ म्हटलं,
‘शोधून राहिलेय.’