पाचव्या दिवसाचं पाणी

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्या नळाला.
तरी मी मातीची थाळी भरतो,
शेवग्याच्या बुंध्याशी, दोन विटांवर.
अंबव्वा म्हणते, आधी घागरी मोजा.
मोजल्या. साडेअकरा.
अर्धी कुठं गेली, तिला ठाऊक आहे.

अक्कलकोट रोडचा कारखाना बंद झाला
तेव्हा हिशेबात एक धोटा मागून घेतला होता.
त्याच्या पोटात आता ज्वारीची कणी,
तारेनं टांगलाय फांदीला.
तीस वर्षं चादरींतून पळालेला तो
वाऱ्यानं जरासा हलतो, तेवढंच.

पहिले नऊ दिवस कुणी आलं नाही.
म्हणजे, मुंग्या आल्या.
बोळातली मांजर आली, पाणी प्याली,
माझ्याकडे बघत मिशा पुसून गेली.
मग थाळी कठड्यावर चढवली,
आत एक चपटा दगड ठेवला, पाय टेकायला.
खोल पाण्याला पाखरू भितं
हे मला साठीनंतर कळलं.

दहाव्या दिवशी होला.
प्याला नाही. काठावर बसून राहिला
बेचाळीस डिग्रीत,
मालकाच्या केबिनबाहेर बसावं तसा.

आणि मग सातभाई!
भांडत, एकमेकांना ढकलत,
निम्मं पाणी पंखांनी उडवून मोकळे.
अंबव्वा दारातून तेलुगूत ओरडली.
त्यांना तेलुगू येत नसावं.

आज दुपारी डोळा उघडला,
थाळी कोरडी असणार म्हणून उठलो,
तर अंबव्वा तांब्या घेऊन उभी.
धार इतकी बारीक
की आवाज होऊ नये.

मी परत आडवा झालो.
थोडं घोरलोसुद्धा.